अर्धा गुण

खारीनं नळी कुरतडली होती
अडावदच्या शिवारात, भंगाळ्यांच्या केळीत,
तिसऱ्या ओळीला, व्हॉल्व्हजवळ.
खिशात जॉइनर, कमरेला कटर,
दोन मिनिटांचं काम.
पण प्रेशर पूर्ण होतं
आणि पाणी उठत होतं नऊ विती,
वाकून पडत होतं सहा विती दूर,
दर वेळी त्याच खळग्यात.
कटर परत अडकवलं
आणि देवयानीला हाक मारली.

ती दहावीला. सुट्टीत माझ्या गाडीवर येते,
भाकरी आणि पुस्तक एकाच पिशवीत.
रात्री विचारत होती, अण्णा, विवेचक काब्र काढायचा?
सूत्र आहे ना, घालायचं, उत्तर येतं.
मी म्हटलं होतं, झोप.

आता दोन केळींच्या मध्ये सुतळी ताणली,
धारेच्याच रेषेत, जमिनीपासून आठ विती.
सुतळी दोन जागी भिजली:
चढतं पाणी एकदा लागलं,
उतरतं एकदा.
देवयानीनं काडीनं ओल्या मातीत लिहिलं,
सहाचा वर्ग छत्तीस, वजा बत्तीस.
चार, म्हणाली. दोन आणि चारवर भिजली, बघ.

सुतळी एक वीत वर सरकवली.
आता एकच जागा.
तिथं पाणी दमून उभं राहतं,
पडायचं की नाही, ठरवल्यासारखं,
आणि सुतळीला नुसतं बोट लावून परततं.
छत्तीस वजा छत्तीस. तिनं शून्य काढलं
आणि त्याला दोनदा गिरवलं,
कारण मूळ एकच दिसत असलं तरी दोन असतात, म्हणे, सारखी.

मग दहा विती.
सुतळी कोरडी.
वजा चार.

बडगुजर सर म्हणायचे,
त्याच्या नावातच विवेक आहे रे पोरांनो.
उत्तर शोधत धावण्याआधी
दारातच विचारायचं, घरात कोणी आहे का,
असलं तर किती जण.
मुळे शोधा, म्हणायचे,
आणि आम्ही खिडकीतून केळीच्या बुंध्यांकडे बघायचो.

सहामाहीला असंच वजा चार आलं होतं मला.
मी लिहिलं, मुळे नाहीत.
सरांनी वर लाल शाईनं ‘वास्तव’ घातलं
आणि अर्धा गुण कापला.
सर, वास्तव नाहीत म्हणजे नाहीतच ना?
ते हसले. खडू झटकला.
अकरावीत ये, देतो तुझा अर्धा.

नापास वगैरे झालो नाही. त्रेसष्ट होते गणितात.
पण त्या जूनमध्ये चोपड्याला ठिबकचं दुकान निघालं,
नळ्या जोडणारी पोरं हवी होती,
रोज संध्याकाळी रोख.
सर पुढं धरणगावला बदलून गेले.
अर्धा गुण त्यांच्याकडेच राहिला.

देवयानी टाचा उंचावून उभी होती,
धारेच्या शेंड्यावर करंगळी,
सुतळीवर अंगठा,
बाही कोपरापर्यंत भिजलेली.
बरोबर एक वीत, अण्णा.
तीनच्या नेमकं वर, एक वीत मोकळी.
इथं काही आहे का?

मी बघितलं.
केळीचं फाटलेलं पान, त्यापलीकडं सातपुडा,
उन्हानं पुसट.
असेल, म्हटलं. मला सांगितलं नव्हतं कोणी.
तू अकरावीत गेलीस की विचार,
आणि मला येऊन सांग. माझं येणं आहे तिथं.
किती?
अर्धा.

तेवढ्यात मोटारीकडून भंगाळ्यांचा आवाज आला,
अरे, पाणी कुठं चाललंय?
व्हॉल्व्ह फिरवला. धार बसली.
नळी कापली, जॉइनर ठोकला,
खळग्यात पाणी थोडा वेळ राहिलं.

सुतळी सोडायची राहून गेली.
दहा विती उंच, कोरडी,
अजून असेल तिथं.